नऊ नंबरची लव्हाळी

तांगो, ३ ऑक्टोबर २०१७

चिगुसा,

पाऊस सुरू झाला. आमच्याकडचा पाऊस तुला ठाऊक आहेच. सकाळी ऊन, दुपारी सर, संध्याकाळी पुन्हा ऊन. जेवणाचा डबा विसरला तरी चालेल पण छत्री विसरू नये, असं इथे उगाच म्हणत नाहीत. पत्राची सुरुवात हवेने करायची असते म्हणून लिहिलं. तू करत नाहीस, ते असो.

फोन करू नकोस म्हणते ते रागाने नाही. पंचेचाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात बसून कान गेले. फोनमधून तुझा आवाज मांजरासारखा येतो. लिहीतच जा.

एक काम आहे. क्योतोच्या पेढीने विणकाम देणं थांबवलं. मेच्या शेवटी माग उचलून भंगारात नेणार आहेत. नेऊ देत, एकाहत्तरी झाली माझी, गुडघे रोज तक्रार करतात. पण त्याआधी मला किमोनोवर कमरेला बांधायचा एक ओबी माझ्यासाठी विणायचा आहे. तुझ्या बाबाने, माझ्या मिचिओने, काढलेली शेवटची नक्षी, बर्फाने वाकलेली लव्हाळी.

तू म्हणशील, जन्मभर ओबीच विणलेस, आता आणखी एक कशाला? तर ऐक. ओबी आम्ही उलटा विणतो. चांगली बाजू खाली आणि माझ्या डोळ्यांसमोर पाठ, म्हणजे नुसता धाग्यांचा गुंता. खाली तळहाताएवढा आरसा धरून वीतभर तपासायचं आणि पुढे सरकायचं. विणून झाला की गुंडाळून क्योतोला. कागदावरचं चित्र पेढीकडे होतं, त्याचं काय झालं कोण जाणे. मिचिओची लव्हाळी मी साठ वेळा विणली आणि एकदाही पूर्ण पाहिली नाही. एकदा पाहायची आहे. बाकी काही नको.

अडचण अशी की नक्ष्या फ्लॉप्यांत आहेत आणि मागाचा फ्लॉपी वाचणारा भाग मरायला टेकलाय. दुरुस्तीवाले म्हणाले, "आजी, याचे सुटे भाग आता स्वर्गात मिळतात. त्या जागी पेनड्राइव्हची पेटी बसवून देतो. पण मार्चच्या आत, मग मी निवृत्त. फ्लॉप्यांतलं सगळं तेवढं कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर काढून ठेवा."

कुणाकडून तरी म्हटल्यावर मला तूच आठवलीस. तू वर्षभर यंत्रांच्या कॉलेजात होतीस ना? त्या वर्षाच्या पुढचं आपण बोलत नाही.

चौदा फ्लॉप्या पाठवते आहे. लव्हाळी नऊ नंबरच्या फ्लॉपीत आहेत, पेन्सिलीने गोल केलाय. पाण्यापासून, चुंबकापासून आणि तुझ्या घाईपासून जपून ठेव.

सावाए आत्या


ओनोमिची, २० ऑक्टोबर

आत्या,

हवा: आहे.

फ्लॉप्यांचा डबा मिळाला. मी सध्या डोंगरावरच्या एका गेस्टहाउसमध्ये चादरी बदलते. इथली घरं अशी एकाच्या डोक्यावर एक, की खालच्याच्या छपरावर वरच्याची मांजरं झोपतात. त्यातलं एक एका डोळ्याचं आहे आणि ते रोज नऊच्या फेरीबोटीने समोरच्या बेटावर जातं. खरंच जातं, तिकीट नाही काही नाही. मी एकदा त्याच्या मागे गेले होते... पण ते नंतर कधीतरी.

तर फ्लॉप्या. बाजारातून वाचायचं यंत्र आणून लॅपटॉपला लावलं, पण जुळेना. तुमच्या काळात फ्लॉप्या वेगळ्याच मापाने लिहायचे म्हणे, आजच्या संगणकाला त्या कोऱ्याच वाटतात. मग खालच्या गल्लीत कुसाका आजोबा सापडले. रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, गिऱ्हाईक नाही. मागच्या खोलीत फडक्याखाली तुमच्या काळातला एक संगणक.

मी विचारलं, "चालतो का?"

"चालतो का म्हणजे? माझ्यापेक्षा बरा चालतो."

बटण दाबलं आणि तो म्हणाला, पी-पो.

आत्या, मी एकदम खालीच बसले. हा आवाज मला पाठ होता आणि मला ते माहीतच नव्हतं. सकाळी मी अंथरुणात असायचे, भिंतीपलीकडे बाबांच्या खोलीत पी-पो व्हायचं, म्हणजे आता बाबा जेवणापर्यंत बाहेर येणार नाहीत. मग फ्लॉपी फिरायची, गच्च, गच्च, गच्च, कोणीतरी जाड पुठ्ठा चावतंय तशी. तेच सगळं इथे, एका अनोळखी दुकानात.

त्यातून पेनड्राइव्हवर न्यायचं म्हणजे वरात आहे. जुना संगणक नव्याशी थेट बोलत नाही. मधे एक मधल्या वयाचा लागतो. आजोबा म्हणाले, "घराघरांत असंच असतं. आजा नातवाशी बोलतो ते बापाच्या मार्फत." जुन्यातून मधल्यात, मधल्यातून माझ्यात. एका फ्लॉपीला अर्धा तास. आजोबा तोवर बेसबॉल ऐकतात.

आणि नावं! मला वाटलं होतं 'लाटा', 'पाइनची फांदी' असलं काही असेल. यादी आली ती अशी: बांगडा. उदोन-२. कालची करी. मुळा. पुन्हा मुळा. 'बांगडा' उघडलं तर आत सारस पक्ष्यांचा थवा! हे काय प्रकरण आहे?

बहुतेक सगळं झालंय. राहिलेलं बघते.

चिगुसा


तांगो, १ नोव्हेंबर

चिगुसा,

आज ऊन आहे, म्हणून मुळे टांगले वाळायला. दोन वाजता आत घेतले, अडीचला सर आली.

तुझं पत्र वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. मला ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने ते शेजारच्या बाईंनी येऊन सांगितलं.

मिचिओला नावं सुचायची नाहीत. पेढीचा हुकूम, प्रत्येक नक्षीला आठ अक्षरांच्या आत नाव द्या. तो म्हणाला, "ताई, सारसांच्या वीस नक्ष्या आहेत. सगळ्यांना सारस म्हटलं तर ओळखू कसे? जेवलो काय ते मात्र माझ्या कायम लक्षात राहतं." म्हणून त्या दिवशी दुपारी जे ताटात, ते नाव. पेढीचे मालक वैतागायचे. गिऱ्हाइकासमोर फोनवर म्हणावं लागे, "मॅडमना बांगडा दाखवा, सोनेरी जरीतला."

'कालची करी' म्हणजे ज्या दिवशी तुझ्या आईने भांडून स्वयंपाक केला नव्हता तो दिवस. 'पुन्हा मुळा' तेही तसंच.

नऊ नंबरवर 'चेस्टनट भात' असेल. ते चेस्टनट मी इथून पाठवले होते. सोलता सोलता तुझ्या आईने बोट कापून घेतलं, आणि तू आठ वर्षांची शहाणी, त्यावर फ्लॉपीचं चिकट लेबल लावलंस पट्टी म्हणून. बाबा घरभर ओरडत फिरला, माझं लेबल कुठाय, माझं लेबल कुठाय. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. त्या भातानंतर त्याने काही काढलं नाही, म्हणजे काढलं असेल तर मला मिळालं नाही.

उघडलीस का? किती लव्हाळी आहेत तेवढं मोजून कळव. उलट बाजूने सगळी एकमेकांत गुंतलेली दिसतात, मला कधी मोजता आली नाहीत.

आत्या


यावाताहामा, १८ नोव्हेंबर

आत्या,

पत्ता बदललाय, मागे बघ. संत्री तोडायचं काम मिळालं. डोंगराच्या उतारावर एका रुळाची बुटकी गाडी असते, तिच्यात संत्र्यांच्या पेट्या बसून खाली जातात आणि आपण पायी. इथली मालकीण म्हणते, बागेवर तीन सूर्य पडतात. एक आकाशातला, एक समुद्रातला आणि एक दगडी बांधावरून परतलेला. मी तिन्हींत भाजले. हात इतके पिवळे झालेत की काल पोस्टातल्या बाईने विचारलं, कावीळ?

कात्रीचे दोन घाव घालायचे असतात. पहिला देठ लांब ठेवून, दुसरा अगदी फळाशी, नाहीतर पेटीत तो देठ दुसऱ्या संत्र्याला टोचतो आणि सगळी पेटी सडते. हे मला भारी आवडलं.

एक पेटी तुला पाठवली आहे. तेरा नक्ष्यांचा पेनड्राइव्ह संत्र्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. नऊ नंबरचं जरा वेळ घेतंय.

चिगुसा


तांगो, २७ नोव्हेंबर (पोस्टकार्ड)

गारा पडल्या. संत्री गोड आहेत. तुझा बाबाही चूक केली की फळं पाठवायचा. नऊ नंबरचं काय झालं ते लिही. आत्या


यावाताहामा, ५ डिसेंबर

आत्या,

नऊ नंबरची पुसली गेली. 'गेली' नाही. मी पुसली.

डब्यातून सगळ्यात आधी तीच काढली होती, बाबांची शेवटची म्हणून. कुसाका आजोबा भेटायच्या आधी. गेस्टहाउसच्या ओट्यावर बसले होते, सकाळ होती, बाजारातलं ते यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि फ्लॉपी आत सरकवली. पडद्यावर पाटी आली: ही फ्लॉपी तयार केलेली नाही, तयार करू का? हो की नाही? समोरून फेरीबोट निघाली होती आणि त्या एका डोळ्याच्या मांजराने धक्क्यावरून उडी मारली, पोचतंय की पडतंय ते मी बघत होते. बघता बघता 'हो' दाबलं. मला वाटलं, वाचायला तयार करतोय. मिनिटभर ती कुरकुरली. मला तो आवाज आवडला सुद्धा. मग उघडून पाहिलं तर आत काही नव्हतं.

मांजर पोचलं.

कुसाका आजोबांकडे गेले ते खरं तर तिच्यासाठीच गेले होते. त्यांनी सगळे उपाय केले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "पोरी, परगावचा माणूस दारात आला. त्याची भाषा तुला कळेना. तो मुका आहे असं ठरवून तू त्याची जीभ कापलीस." मग चहा दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी तुला ते मजेचं पत्र लिहिलं. मजेचं लिहिलं की माणूस मोजत बसत नाही, हे मला लहानपणापासून येतं. तेरा नक्ष्यांचा पेनड्राइव्ह संत्र्यांच्या तळाशी ठेवला, तेही त्यासाठीच. आणि इथे संत्र्यांसाठी आले नव्हते, पळून आले होते.

तुला ती लव्हाळी बघायची होती. तेवढंच मागितलं होतंस.

चिगुसा


तांगो, २४ डिसेंबर

चिगुसा,

हातभर बर्फ पडलंय.

रागावले. खोटं कशाला लिहू? दहा दिवस तुझं पत्र मागाच्या खोलीत ठेवलं आणि त्या खोलीत गेलेच नाही. नव्या फ्लॉप्या घे आणि कॉपी करून ठेव, हे सतरा वर्षांत मला तरी कुठे सुचलं? पण हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तू थांबून वाचायला हवं होतंस. पडद्यावर दोनच शब्द होते.

आणखी एक सांगते. फ्लॉप्या दुरुस्तीवाल्यांनाही देता आल्या असत्या, ते चार गावं सोडून राहतात. तुला पाठवल्या त्या वेगळ्याच आशेने, की काम झालं की तू पेनड्राइव्ह हातात घेऊन येशील. पोस्टाने नाही. सहा वर्षं तू इकडे फिरकली नाहीस.

आता सोडून दे. माग जायचा तो जाईल. वसंतात मी 'बांगडा' विणेन, सारसही वाईट नाहीत.

नव्या वर्षासाठी तांदळाची चिकट मोची पाठवली आहे. भाजून खा, कच्ची चावत बसू नकोस.

आत्या


ओनोमिची, २२ जानेवारी २०१८

आत्या,

थंडी आहे, वारा आहे, समुद्र शिशासारखा दिसतोय. झाली हवा?

परत इथे आले. कुसाका आजोबांना मोची दिली तर खाता खाता मलाच उलटतपासणी सुरू.

"कापड कशावरून विणलं?"

"फ्लॉपीवरून."

"फ्लॉपीत काय होतं?"

"कुठला धागा उचलायचा, कुठला नाही."

"आणि कापडात काय असतं?"

माझ्या तोंडात मोची होती.

"कुठला धागा उचलला, कुठला नाही," तेच म्हणाले. "फ्लॉपीवरून कापड होतं, तर कापडावरून फ्लॉपी का नाही होणार? कष्ट पडतील, आणि तुला कष्ट माहीत नाहीत, पण होईल."

आत्या, तू साठ विणलेस, दुसऱ्या विणकरांनीही विणले असतील. ते कुठेतरी आहेतच ना? लोक आज्यांची कपाटं रिकामी करतात आणि जुने ओबी इंटरनेटवर विकायला ठेवतात, हजारोंनी. मी तीन आठवडे तेच बघत बसले आहे. लव्हाळी आणि बर्फ असलेले अकरा सापडले. फोटो मोठे करून पाठवते आहे, मागे आकडे घातलेत. आपला कुठला ते सांग. लवकर सांग, काही विकले जातील.

चिगुसा


तांगो, ३० जानेवारी

चिगुसा,

बर्फ, बर्फ आणि बर्फ.

भिंग घेऊन तीन दिवस बघितले. यातला एकही नाही. सहावा देखणा आहे, पण तो मिचिओचा नव्हे. मिचिओची लव्हाळी दाट होती, याच्यात केवढी मोकळी जागा आहे. तू एवढं केलंस, पुरे. मला राग राहिलेला नाही.

आत्या


ओनोमिची, ९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून मी सामान बांधलं होतं. उत्तरेकडे खेकड्यांच्या होडीवर काम होतं. आजोबांना सांगायला गेले. त्यांनी तुझं पत्र मागितलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तुझ्या आत्याने हा माणूस आयुष्यभर पाठमोरा पाहिलाय. तू तिला त्याचा चेहरा दाखवून विचारतेस, ओळखलंस का?"

सहावा कुणी घेतला नव्हता. मी मागवला. किंमत विचारू नकोस.

काल आला. ओबीला मागून साधं कापड शिवलेलं असतं, ते एका बाजूने उसवलं. टाके इतके बारीक होते की एक फूट उसवायला अख्ख्या बेसबॉल सामन्याएवढा वेळ लागला. आतल्या बाजूचा फोटो सोबत आहे, खऱ्या मापाचा, चार तुकड्यांत. जमिनीवर जोडून बघ.

होडी गेली. जाऊ दे.

चिगुसा


तांगो, १४ फेब्रुवारी

चिगुसा,

हवा बघितली नाही.

तोच आहे. तुकडे जोडायच्या आधीच, पहिल्या तुकड्यावरच कळलं. तपकिरी धागा डावीकडून तीन वेळा उडी मारून जातो, मग पांढऱ्याखाली शिरतो. माझ्या हाताला तो पाठ आहे. मी चेहरा बघून 'नव्हे' म्हटलं त्याच ओबीला! ती मोकळी जागा म्हणजे बर्फ आहे. पाठीमागून तिथे सगळे सुटे धागे गोळा होतात, म्हणून मला ती नक्षी जन्मभर दाट वाटत आली.

आणखी ऐक. दुसऱ्या तुकड्यात मधोमध एक आडवी रेघ आहे, केसाएवढी. फोटोत तुला सुरकुती वाटली असेल. मागावर अर्धं कापड असताना तो बरेच दिवस थांबला की ताण सैलावतो आणि पुन्हा सुरू करताना अशी रेघ पडते. मोडता येत नाही. माझ्या हातून अशी रेघ एकदाच पडली. फेब्रुवारीत, तीन दिवस माग बंद ठेवून मी क्योतोला आले होते, तुझ्या बाबाला पोचवायला. परत येऊन त्याच्याच लव्हाळ्यांवर बसले. पेढीने तो ओबी दुय्यम माल म्हणून काढून टाकला.

साठातला तोच तुझ्या हाती आला.

किंमत विचारत नाही. जुन्या ओबीला आता कोण विचारतं ते मला माहीत आहे.

आत्या


तांगो, २० मार्च (पोस्टकार्ड)

बर्फ वितळतंय. पेटी बसवली. दुरुस्तीवाल्यांनी 'बांगडा' लावून दाखवला, छान चालतो. मग ते मागाला वाकून नमस्कार करून गेले. जानेवारीपासून तुझा पत्ता एकच आहे. आजारी नाहीस ना? आत्या


ओनोमिची, २५ एप्रिल

आत्या,

आजारी नाही. चादरी सकाळी, धागे दुपारी.

झालं. पेनड्राइव्ह यासोबत आहे, 'चेस्टनट भात' याच नावाने. मला दुसरं नाव द्यायचा अधिकार नाही. जुना ओबी पाठवत नाही, तो झिजलाय, मी उसवलाय, आणि तुला तुझ्या मागावर विणलेला हवा होता.

आजोबांनी ओबी काचेवर ठेवून वीत वीत स्कॅन केला. मला वाटलं, पुढचं संगणक करेल. हं! ठिपका ओळखतो तो, पण जिथे जरीचा धागा काळवंडलाय तिथे काहीही बरळतो. मग भिंग आणि सुई. चारशे उभे धागे, बाराशे आडव्या फेऱ्या, प्रत्येक छेदावर एक प्रश्न: वर की खाली? पडद्यावर नेहमी दोनच पर्याय. आता मी दोन्ही वाचते.

पहिल्या आठवड्यात मी दोनदा पळून जायची तयारी केली. तिसऱ्या आठवड्यात मला बाबा सापडायला लागले. म्हणजे असं, की एक लव्हाळं काढून तेच उलटसुलट करून चाळीस वेळा चिकटवता आलं असतं. संगणकाला ते एका बटणाचं काम. बाकीच्या तेरा नक्ष्यांत त्यांनी तसंच केलंय, मी तपासलं. सारस सगळे जुळे आहेत. पण इथे एकासारखं दुसरं नाही. कुठलं बर्फाखाली मोडलंय, कुठलं नुकतं वाकायला लागलंय, एकाचं बर्फ सांडलंय आणि ते ताठ व्हायच्या बेतात आहे. प्रत्येक वेगळं बसून काढलंय. भिंतीपलीकडे मी जे ऐकायचे, ते हे होतं.

तू विचारलं होतंस. त्रेचाळीस आहेत.

बत्तिसाव्या आणि तेहतिसाव्याच्या मधले सहा ठिपके कापड झिजल्यामुळे दिसतच नव्हते. ते मी माझ्या मनाने भरले. चुकले असतील तर तुझ्या हाताला कळेल.

चिगुसा


तांगो, २७ मे

चिगुसा,

भाताची खाचरं पाण्याने भरली आहेत. बेडूक ओरडत असावेत, शेजारच्या बाई तरी तसं म्हणतात.

विणून झाला. अठरा दिवस लागले. पेटीत पेनड्राइव्ह घातला, माग हलला, आणि हाताने आधी ओळखलं, डोळ्यांनी मग. बत्तीस आणि तेहतीसच्या मधे हात अडखळला. तिथे तुझा धागा एक घर लवकर वर येतो. मी तो तसाच ठेवला.

परवा माणसं येऊन माग घेऊन गेली. चार तास लागले. खोली एवढी मोठी आहे हे मला माहीत नव्हतं. माग होता तिथली जमीन अजून फिकट आहे. तिथे ओबी उलगडून, चांगली बाजू वर करून अंथरला आणि शेजारी बसले. दिसला. टोकापासून टोकापर्यंत दिसला. पण खरं सांगू? निजलेला माणूस बघावा तसं वाटलं. मिचिओने तो जमिनीवर पसरायला काढलेला नाही. पाठीवर गाठ बसली, माणूस उभा राहिला, की मग ती लव्हाळी उभी राहतात.

म्हणून शेजारच्या बाईंना बोलावलं आणि त्यांनी तो माझ्या कमरेला बांधला. पंचेचाळीस वर्षं ओबी विणून हा मी बांधलेला पहिला. त्या मागे उभ्या राहून वा वा करतात, इकडून बघतात, तिकडून बघतात. आणि मी? माझ्यासमोर भिंत! माझ्याच पाठीवर आहे आणि मलाच दिसत नाही. दोघी इतक्या हसलो की गाठ सुटली.

तू ये. मी तुला बांधते. तुझ्या पाठीवर बघते.

येताना बाकी काही आणू नकोस.

आत्या


ओनोमिची, ३० मे

आत्या,

ढग आहेत, वारा पश्चिमेचा, संध्याकाळी पाऊस येणार. छत्री घेतली आहे.

शनिवारी दुपारी पोचते. मला कुठे एका जागी उभं राहता येत नाही हे तुला माहीत आहे. शाळेच्या प्रत्येक फोटोत मी हललेली आहे. पण तू बांध आणि मागे बस, हवा तेवढा वेळ बस. तू सांगेपर्यंत मी वळणार नाही.

चिगुसा